पहाटे येणारी माणसं

"पाय पुढे कर की. किती मागे घेशील?" म्हणत निग्स्तीने धाकट्या बहिणीचा घोटा धरला आणि पाय ओढून टबातल्या कोमट पाण्यात घातला.

अब्रेहेत अंगणातल्या खुर्चीवर अवघडून बसली होती. थोरल्या बहिणीने आपले पाय धुवावेत हे तिला पटत नव्हतं. पण लांबून आलेल्या माणसाचे पाय घरच्यांनी धुवायचे ही रीत, आणि रीतीपुढे निग्स्ती कोणाचं ऐकणारी नव्हती. तसं पाहिलं तर लांबून कसलं? सेनाफेहून सकाळी बसमध्ये बसलं की जेवायच्या वेळेला अदिग्राट. भाषा तीच, सण तेच, चर्चमधली घंटासुद्धा तशीच वाजणारी. मधली वीस वर्षं मात्र सेनाफेच्या माणसाला इटलीला जाणं सोपं होतं, अदिग्राटला नव्हतं. सेनाफे एका देशात, अदिग्राट दुसऱ्यात. हे दोन देश एकमेकांशी लढले, लढून दमले आणि दमल्यावर मधला रस्ता बंद करून बसले. फोनसुद्धा लागत नव्हता. यंदा नव्या वर्षाच्या सकाळी झालाम्बेसाच्या नाक्यावरचे दगड सैनिकांनीच बाजूला केले, आणि माणसं हातात पिवळी फुलं घेऊन वेड लागल्यासारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे धावली.

अब्रेहेत त्या दिवशी धावली नाही. पुढचे काही दिवस ती रोज गाठोडं बांधायची आणि सोडायची. शेवटी शेजारणीने तिला बसमध्ये बसवून दिलं.

"आई कुठाय?" दारात पाऊल ठेवताच तिने विचारलं होतं.

"मठात गेलीय, पवित्र पाण्याला. गुडघे धरलेत ना तिचे. क्रुसाच्या सणाला येईल," निग्स्ती म्हणाली होती, आणि लगेच पाणी तापवायला आत वळली होती.

आता पाय धुऊन घेताना अब्रेहेतला दाराच्या कोपऱ्यात टेकवलेली आईची काठी दिसली. ऑलिव्हच्या लाकडाची, मुठीपाशी हाताने गुळगुळीत झालेली. गुडघे धरलेली बाई काठी घरी ठेवून डोंगरावरच्या मठात कशी जाईल, हे तिने विचारलं नाही. काठीवरून नजर काढून तिने निग्स्तीच्या पांढऱ्या झालेल्या वेण्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, तू म्हातारी झालीस गं."

"तू मोठी तरणीताठी राहिलीस," निग्स्ती म्हणाली, आणि दोघी हसल्या आणि हसताहसता रडल्या.

त्यांच्याकडे मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत, निरोपात धाडत नाहीत, आणि प्रवासातून आलेल्या माणसाच्या तोंडावर तर कधीच टाकत नाहीत. आधी त्याला जेवू घालायचं, कॉफी पाजायची, झोपू द्यायचं. मग पहाटे, फटफटायच्या आधी, चर्चचे धर्मगुरू आणि शेजारची वडीलधारी माणसं दारात येऊन उभी राहतात. पहाटे दार उघडलं आणि बाहेर चार-पाच माणसं पांढऱ्या शालीत गप्प उभी दिसली, की काही सांगावं लागत नाही. बाई तिथेच उंबऱ्यात बसकण मारते.

अब्रेहेतला ही रीत पाठ होती. ती स्वतःसुद्धा एक मरण गाठोड्यात बांधून आली होती.

निग्स्तीचा एकुलता एक मुलगा, मेरहावी. अब्रेहेतला मूलबाळ नव्हतं. नवरा जुन्या स्वातंत्र्याच्या लढाईतून परत आला नव्हता. मोठ्या बहिणीने आपलं पोर धाकटीकडे वाढायला द्यावं यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. सेनाफेची शाळा चांगली होती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, मुलगा कोणाचा, आणि अब्रेहेत म्हणाली, माझा. बहिणीचं मूल म्हणजे आपलंच, असं तिच्या जागी कोणीही म्हटलं असतं. पुढे लढाई सुरू झाली, रस्ता बंद झाला, आणि भरतीवाले आले तेव्हा मेरहावी कागदोपत्री सेनाफेच्या बाईचा सेनाफेचा मुलगा होता. त्यांनी त्याला नेलं. सरहद्दीवरच्या इगालाच्या खंदकात तो गेला, मिशी पुरती फुटण्याआधी. त्याच्या आईच्या देशाच्या तोफांनी.

पहाटेची माणसं अब्रेहेतच्या दारात आली, ती शोकाला बसली, आई म्हणूनच बसली. त्या सुमारास खार्टूमचा एक व्यापारी दोन्हीकडचे निरोप पोहोचवायचा. निग्स्तीने त्याच्यामार्फत विचारलं होतं, सगळे कसे आहात? निरोपात मरण धाडत नाहीत. अब्रेहेतने उलटा निरोप दिला, सगळे मजेत. तेव्हा तिला वाटलं होतं, वर्षभरात रस्ता उघडेल, मग समोर बसून सांगू.

जेवणाला तिह्लो केलं होतं, कारण अदिग्राटची मुलगी माहेरी आली म्हणजे दुसरं काही करतच नाहीत. सातूच्या पिठाच्या गोळ्या दुबेळक्या काडीने टोचून लालभडक रश्श्यात बुडवायच्या. आईच्या हातच्या गोळ्या सुपारीएवढ्या असायच्या. या जरा मोठ्या होत्या.

मेरहावीचे वडील, काहसाय दाजी, काठी टेकत येऊन बसले. डाव्या पायात अजून लोखंडाचा तुकडा, पण सुंभ जळाला तरी पीळ जायचा नव्हता. आयुष्यात तीन वेळा बंदूक उचललेला हा माणूस आता सरकारी धान्यकोठाराची राखण करायचा आणि पोत्यांना लढाईच्या गोष्टी सांगायचा, असं निग्स्ती म्हणे. आज पोत्यांऐवजी मेहुणी मिळाली.

रस्ता उघडला हे चांगलं झालं, दाजी म्हणाले, पण फार दिवस शांतता बरी नाही. अब्रेहेतने विचारलं, का बरं?

"लढाईनं माणसाचं वाटोळं होतं म्हणतात. होत असेल. पण मी कोण होतो, सांग. शेळ्यांमागं फिरणारं पोरगं. अक्षर म्हंजे काय ते ठाऊक नव्हतं. डोंगरात लढायला गेलो, तिथं एका मास्तरणीनं कातळावर कोळशानं लिहून मला वाचायला शिकवलं. वरनं विमानं घिरट्या घालतायत आणि आम्ही खाली झाडाच्या सावलीत पाढे म्हणतोय. शांततेत कोण आलं असतं मला शिकवायला? चाळीस पिढ्या शांततेत शेळ्या राखल्या आमच्या घराण्यानं." त्यांनी एक गोळी रश्श्यात बुडवली. "कातडं ताणल्याशिवाय ढोल वाजत नाही. देशाचं तसंच आहे. हा रस्ता कोणी केला? रणगाडे न्यायला केला. दवाखाना? जखमींसाठी. बायका ट्रक चालवायला लागल्या त्या कधी?"

अब्रेहेत ऐकत होती. सेनाफेच्या चौकात दर वर्षी कर्ण्यावरून हेच ऐकू यायचं. झेंडा वेगळा, वाक्यं तीच. दाजी खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. या माणसाला लढाईने खरंच अक्षर दिलं होतं.

"मग दाजी, मागच्या लढाईत जिंकलं कोण?" तिने विचारलं.

"आम्ही. दुसरं कोण?"

"आमच्याकडे तर आम्हीच जिंकलो म्हणतात."

"म्हंजे बघ, दोघांचाही फायदा," दाजी म्हणाले, आणि निग्स्ती तोंडाला पदर लावून हसली. मग त्यांनी काडी अब्रेहेतकडे रोखली. "आणि तुझं सांग. तुझी सुवा कोण पितं?"

अब्रेहेत घरी सुवा गाळून विकायची. ज्वारी-सातूची ती दारू, दाराशी काठीवर उपडा डबा टांगला की लोकांना कळायचं आज सुवा तयार आहे.

"शिपाई पितात," ती म्हणाली.

"बघ."

सेनाफेभोवती छावण्या होत्या म्हणून तिची मडकी रिकामी व्हायची. घरावरचे नवे पत्रे त्यातूनच आले होते. रात्री पत्र्यावर पाऊस वाजला की तिला कधीकधी उठून बसावंसं वाटायचं, पण पत्रे काही तिने काढून टाकले नव्हते. पोटाला इतकं मानी राहून चालत नाही.

दाजी रंगात आले होते. मागच्या लढाईत त्यांचं वय झालेलं, तरी ते गेले आणि तोफेवर गोळे भरायला राहिले. "इगालाला आम्ही नळी थंड होऊ दिली नाही," ते म्हणाले. "समोर कोण आहे ते दिसतं थोडंच? धूळ दिसते. धूळ उठली की समजायचं, लागला."

अब्रेहेतने काडी ताटात ठेवली. तिखट लागलं का, म्हणून निग्स्तीने पाण्याचा पेला पुढे केला. ती सगळं पाणी प्यायली.

"मेरहावी तिकडनं लढला असंल, मी इकडनं," दाजी म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "असू दे. त्यात काय? त्याला म्हणावं, सुट्टी मिळाली की ये एकदा. मला त्याच्याशी भांडायचंय. कोणाचं बरोबर ते बसून ठरवू. वीस वर्षं मी मुद्दे काढून ठेवलेत. इथं कोण ऐकतंय? ही तर उठून जाते."

निग्स्ती खरोखरच उठली होती, निखारे फुलवायला.

कॉफीच्या वेळी दोघी बहिणीच होत्या. निग्स्तीने हिरवे दाणे लोखंडी पळीत भाजले, धुराची पळी बहिणीच्या नाकाखाली फिरवली, कुटून मातीच्या सुरईत उकळत ठेवले. पहिला कप झाला, दुसरा झाला. गावातल्या कोणाकोणाचं लग्न झालं, कोण परदेशी गेलं, हे सगळं सांगून झालं. आईबद्दल निग्स्ती सहज बोलायची, आणि बोलताना सुरईकडे बघायची. दुसऱ्या कपानंतर ती आत गेली आणि जाड पांढरी गाबी घेऊन आली. लग्नात नवऱ्यामुलाने अंगावर घ्यायची सुती चादर.

"आईनं सूत कातलं याचं. एकटीनं. नातवाला दुसऱ्या कोणाचा हात लागलेलं सूत नको म्हणायची." तिने ती बहिणीच्या मांडीवर ठेवली. "जाताना ने. तो यायचा तेव्हा येईल. पोरीसुद्धा दोन बघून ठेवल्या होत्या. त्यांना आता मुलं झाली."

अब्रेहेत गाबीवरून हात फिरवत राहिली. तिसरा कप आशीर्वादाचा असतो. तो हातात दिल्यावर निग्स्तीने जे विचारायचं ते विचारलं.

"आता दिसतो कसा गं तो?"

त्याची सैन्यातली नोकरी अजून सुटली नाही, हे अब्रेहेतने आल्याआल्या सांगून टाकलं होतं. ते कोणालाही पटलं असतं. तिच्या देशात भरती झालेला पोरगा केस पिकेपर्यंत सुटत नव्हता. पण हा प्रश्न वेगळा होता.

"भरलाय आता," ती म्हणाली. "पोट थोडं सुटलंय."

"माझ्या मेरहावीचं? तो तर काडीसारखा होता."

"होता. आता ट्रक चालवतो ना, बसून बसून. मिशी ठेवलीय. हसला की डाव्या गालाला खळी पडते ती अजून आहे. पुढनं केस विरळ झालेत, आपल्या बाबांसारखे. टोपी घालतो, लपवायला. आणि चहात साखर फार. किती सांगितलं तरी ऐकत नाही."

निग्स्ती ओठ अर्धवट उघडे ठेवून ऐकत होती. अब्रेहेतला नवल वाटलं की तिला काहीच रचावं लागत नव्हतं. हे सगळं तयारच होतं. दर वर्षी तिने त्याला मनातल्या मनात एकेक वर्षाने वाढवलं होतं. सुवा गाळताना, शिपायांच्या गर्दीत त्याच्या वयाचा कोणी दिसला की त्याचं पोट, त्याचे केस, त्याचा थकवा तिने मेरहावीला देऊन टाकला होता. या माणसाबद्दल आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिला आणखी बोलावंसं वाटलं. त्याला दात दुखायचे ते सांगावं, तो गातो कसा ते सांगावं. ती अशी आसुसली की तिला स्वतःचीच भीती वाटली आणि ती उठली.

"चर्चला जाऊन येते," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी आले, पायरीला डोकं तरी टेकते."

धर्मगुरूंना त्यांच्याकडे केशी म्हणतात. केशी हैलू चर्चच्या कुंपणाशी ऊन खात बसले होते. याच म्हाताऱ्याने तिचा बाप्तिस्मा केला होता. त्यांनी पुढे केलेल्या लाकडी क्रुसाचं तिने चुंबन घेतलं आणि दगडावर बसून सगळं सांगितलं. शाळेतलं नाव, भरती, इगाला, निरोप. सेनाफेच्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगून पाठवलं होतं की घरात एकटीने तोंड उघडू नकोस, तिथल्या केशींना गाठ, ते रीतीने करतील.

केशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्या पहाटे आम्ही येणारच होतो."

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी क्रूस या हातातून त्या हातात घेतला.

"कोणासाठी, आबा?" अब्रेहेतने विचारलं.

ते केशींना आता सांगता येत नव्हतं, त्याची वेळ पहाटेची होती. अब्रेहेतने मान हलवली. काठी पाहिली तेव्हाच तिला कळलं होतं, पण कळणं आणि येणारी माणसं ठरलेली असणं यात फरक होता. वीस वर्षं ती आईपाशी बसून एकदा फक्त आईच्या हातचं खायचं म्हणून जगली होती, निदान तसं ती मडक्यांना सांगायची. कुंपणापलीकडे पोरं पिवळी फुलं तोडत होती. तिने डोळे पुसले.

"आधी म्हातारीचं सांगू, मग तरण्याचं," केशी शेवटी म्हणाले. "काहसाय विचारील, कुठे गेला म्हणून. सैनिक माणूस आहे, पहिलं तेच विचारील. तो स्वतः इगालाला होता, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आज जेवताना सांगितलं त्यांनी."

केशींनी तिच्या डोक्यावर क्रूस टेकवला आणि काही वेळ तसाच ठेवला.

त्या रात्री दोघी बहिणी लहानपणीसारख्या एका अंथरुणावर झोपल्या. दोघींनाही झोप नव्हती आणि दोघी झोपल्याचं सोंग करत होत्या.

अंधार असतानाच अंगणात पावलं वाजली. निग्स्ती बहिणीला हळूच उठवायला वळली, आणि पाहिलं तर अब्रेहेत उठून बसलेली. तिने शाल पांघरली होती, आणि शालीची रंगीत किनार खाली सोडायची ती वर, गळ्याशी घेतली होती. सुतकातली बाई घेते तशी.

"तुला कोणी सांगितलं?" निग्स्तीने विचारलं.

अब्रेहेतने तिचा हात धरला आणि दोघी बाहेर आल्या. केशी होते, शेजारची चार माणसं होती, दाजी काठीवर भार टाकून त्यांच्यातच उभे होते, कारण बातमी मेहुणीसाठी होती आणि ते घरचे कर्ते होते. केशींनी आईचं नाव घेतलं, तीन वर्षांपूर्वी उपवासाच्या दिवसांत झोपेतच गेली म्हणाले, देव तिला जवळ घेवो म्हणाले. अब्रेहेत जमिनीवर बसली आणि आई म्हणून ओरडून रडली. निग्स्तीने तिला कवटाळलं. बायका येऊन बसल्या. शोकाचं सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं.

फक्त माणसं निघाली नाहीत. केशी उभेच राहिले. त्यांनी दाजींना दंडाला धरून बायकोशेजारी बाकावर बसवलं, आणि मेरहावीचं नाव घेतलं.

निग्स्ती बहिणीकडे बघत राहिली, जणू अब्रेहेत आत जाऊन त्याला घेऊन येईल. मग तिने दोन्ही मुठींनी बहिणीच्या छातीवर मारायला सुरुवात केली. "टक्कल का पाडलंस गं त्याला?" ती म्हणत होती. "पोट का दिलंस? मी रात्रभर त्याला तसा बघत होते. मी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, अब्रेहेत." अब्रेहेतने मार खाल्ला. तिला तो कमीच वाटला.

उजाडत आलं. बायकांनी निग्स्तीला आत नेलं. दाजी बाकावर तसेच होते. मेलेला पोरगा त्यांच्याशी भांडायला येणार नव्हता, आणि मुद्दे मात्र सगळे तयार होते.

अब्रेहेत आतून गाबी घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. दाजींनी मान वर केली नाही.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

केशी जमिनीकडे बघत होते.

"बारेन्तूला," अब्रेहेत म्हणाली.

दाजींचे ओठ हलले. ते मनात नकाशा उलगडून बघत असावेत. डोंगर, नद्या, पश्चिमेकडची ती उष्ण मैदानं.

"बारेन्तू म्हंजे पार सुदानच्या अंगाला."

"हो."

"लांब आहे."

"फार लांब, दाजी."

"मी तिकडं कधी गेलो नाही," ते म्हणाले. "आमची तुकडी तिकडं नव्हतीच."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि आईने कातलेली गाबी उलगडून त्यांच्या खांद्यांवर घातली.